दोन बिननावाची बटणं

दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मालवणला इंग्रजीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात बसले होते. फोन त्याच्या बायकोचा, संजूचा. तिने एवढंच विचारलं, "मंदाताई, तू खंय आसस?" आणि तिच्या त्या विचारण्यातच मला कळलं. देवगडकडे जाणारी एसटी लगेच नव्हती, म्हणून एका सहकाऱ्याने मोटारसायकलवरून जामसंड्याला दिगंबरच्या घरी आणून सोडलं. अंगणात माणसं जमली होती. मी चपला काढतेय तोवर शेजारच्या एका बाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "सुटलो गो बिचारो. देवान सोडवल्यान तेका." आजूबाजूच्या चार-पाच माना हलल्या. कुणीतरी सुस्कारासुद्धा टाकला.

त्या वेळी जो राग माझ्या डोक्यात गेला, तो आज पाच आठवडे झाले तरी उतरलेला नाही. कशातून सुटला? पन्नाशीही न गाठलेला माणूस, हातात अर्धवट राहिलेलं काम, तळलेल्या बांगड्यावरून बायकोशी रोज भांडणारा, माझ्या गाण्यातली एकेक बेसूर जागा नावानिशी सांगणारा... तो कशातून सुटला? त्याला दिसत नव्हतं, एवढंच या लोकांना इतकी वर्षं दिसलं. ज्या रिक्षावरून गावात नाटकाची आणि जत्रेची घोषणा फिरते तिचा आवाज दिगूच्या खोलीत रेकॉर्ड झालेला असायचा. भजनी मंडळांच्या आरत्या तिथेच व्हायच्या. हे सगळं कानांनी ऐकूनही त्यांच्या तोंडी शब्द एकच, बिचारो.

दिगू आणि मी जामसंड्याच्या शाळेत एका वर्गात होतो. नववीत त्याला फळ्यावरच्या कडेची अक्षरं दिसेनाशी झाली, मग मधली, आणि बारावीच्या परीक्षेला तो बसला तेव्हा शेजारी लेखनिक होता. पुढे मुंबईत अंध मुलांच्या एका संस्थेत दोन वर्षं राहून संगणक शिकला, गावी परत आला आणि घरामागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्याने स्टुडिओ केला. लोक हसले. तो म्हणाला, "हसूंदेत. तेंचो हसण्याचो आवाज भायरच रवतलो, म्हणानच गाद्यो मारलंय." आजचा संगीतकार गाणं रेकॉर्ड करतो, कापतो, जोडतो ते सगळं संगणकावरच्या एका प्रोग्राममध्ये. दिगू तो पडद्याशिवाय वापरायचा. पडद्यावर जे काही लिहिलेलं असेल ते वाचून दाखवणारा दुसरा एक प्रोग्राम त्याच्या कानात बोलत असे, आणि तोही इतक्या भरभर, की मला इंग्रजी शिकवणारीला त्यातला एक शब्द कळत नसे. दिगूला सगळं कळायचं.

असे प्रोग्राम बाजारात आणण्याआधी कंपन्या कच्ची आवृत्ती काही निवडक वापरणाऱ्यांना देतात आणि चुका शोधायला सांगतात. परदेशातल्या अशाच एका कंपनीने सात-आठ वर्षांपूर्वी दिगूला या कामात घेतलं. त्याचा त्याला किती अभिमान होता ते मी कसं सांगू? दर शनिवारी शाळा सुटली की मी त्याच्याकडे जायचे. तो सापडलेली चूक मला मराठी-मालवणीत सांगायचा आणि मी ती इंग्रजीत लिहायची. इंग्रजी त्याचंही वाईट नव्हतं, पण लिहिताना स्पेलिंग चुकेल आणि चुकीच्या स्पेलिंगमुळे आपणच चुकीचे ठरू, अशी त्याला धास्ती होती. त्याची पद्धत पक्की होती. आधी काय केलं, मग काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. एखादी चूक दहा वेळा पुन्हा घडवून दाखवता आल्याशिवाय तो ती लिहू द्यायचा नाही. एकदा त्याने हट्टच धरला की नव्या आवृत्तीत मृदंगाची थाप गाण्याच्या जरा मागे पडते. मी कान देऊन ऐकलं, मला काही कळेना. कंपनीलाही कळेना. दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं, तुमचं बरोबर आहे, मोजून पाहिलं, मागे पडते. ती चूक त्यांनी आठवड्यात दुरुस्त केली, कारण ती जगातल्या सगळ्यांच्या गाण्याला बाधत होती.

मात्र जी चूक फक्त दिगूला बाधत होती तिचं काय झालं, ते सांगण्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे.

रेकॉर्डिंग संपवून प्रोग्राम बंद करताना पडद्यावर एक छोटी चौकट येते. जे तुकडे तुम्ही अजून गाण्यात बसवलेले नाहीत, ते ठेवू की पुसू, असं ती विचारते. खाली दोन बटणं. डोळ्यांना ती स्पष्ट वाचता येतात. पण आत, जिथून दिगूचा वाचणारा प्रोग्राम माहिती उचलतो तिथे, त्या बटणांना कुणी नावंच दिली नव्हती. त्यामुळे दिगूच्या कानात फक्त ऐकू यायचं, "बटण." पुढे गेलं की पुन्हा, "बटण." पहिलं म्हणजे ठेवा आणि दुसरं म्हणजे पुसा, हे त्याने क्रमाने पाठ करून ठेवलं होतं. आम्ही हे कंपनीला कळवलं. उत्तर आलं, कृपया स्क्रीनशॉट पाठवा. म्हणजे पडद्याचा फोटो! दिगू एवढा हसला की खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. "मंदे, माझ्याकडे फोटो मागतत गो! काढ बाये, काढ एक बरोसो." मी फोटो पाठवला. पुन्हा उत्तर आलं, फोटोत तर दोन्ही बटणांवर नावं दिसत आहेत, अडचण समजली नाही. पुढच्या आवृत्तीत आम्ही परत कळवलं. या वेळी शेरा आला, दिसण्यापुरती बाब, महत्त्व कमी.

दिसण्यापुरती बाब! हे वाक्य मी त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो हसला नाही. त्याने मला एक पत्र सांगितलं. त्यातली वाक्यं चाबकासारखी होती, पण एकही शिवी नव्हती. मी काय केलं? मी त्याचं चांगलं, गुळगुळीत इंग्रजी केलं. आपल्या कष्टांची आम्हाला जाणीव आहे, आपण सवडीने लक्ष घालाल अशी आशा आहे... वीस वर्षं मुलांना अर्ज लिहायला शिकवून माझा हात तसाच वळला होता. त्याने ते पत्र आपल्या वाचणाऱ्या प्रोग्रामकडून वाचून घेतलं आणि म्हणाला, "'प्लीज' कितके वेळा घातलंस गो? माझो राग गाळून पाठवतंस तू." मी म्हटलं, "गोड बोलल्यार ऐकतत रे." त्याने ते पत्र तसंच जाऊ दिलं, आणि ते तसंच गेलं म्हणून मला माझाही राग येतो.

यानंतर तात्या आले. कसालजवळच्या वाडीतले तात्या उमेदीत दशावतारात स्त्रीपार्ट करायचे. त्यांची द्रौपदी रडली की सगळं देवळाचं आवार रडायचं, असं जुने लोक सांगतात. सत्तरी ओलांडली तरी गळा शाबूत होता, पण त्याच गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशनची तारीख ठरली आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आवाज जाईल. तात्या कसालहून एसटीने जामसंड्याला आले, दिगूच्या समोर बसले आणि म्हणाले, "माझो आवाज ठेवन घे रे दिगू. मगे काय उरतला, काय नाय, ता देवाक ठावक." तीन सकाळी ते गायले. पहिल्या दोन दिवशी नाटकातली पदं झाली. तिसऱ्या सकाळी त्यांनी जे गायलं, ते त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवलेलं, कुठल्याही वहीत न लिहिलेलं, द्रौपदीचं एक लांबलचक गाऱ्हाणं होतं. मला रजा मिळाली होती, मी खोलीतच होते. गाणं संपल्यावर दिगूने बराच वेळ कानावरचे हेडफोन काढले नाहीत. मग म्हणाला, "तात्यानु, आता काय्यव होवंदे. ह्या माझ्याकडे रवला."

ते रेकॉर्डिंग त्याने कंपनीच्या कच्च्या आवृत्तीत केलं होतं. इथे मला त्याचाही राग येतो. दुसऱ्यांना बजावायचा, कच्च्या आवृत्तीवर मोलाचं काम करू नका, आणि स्वतः तेच केलं. का, तेही मला माहीत आहे. आवाजाची पातळी फार वर गेली की प्रोग्रामने ती बोलून सांगावी, अशी मागणी त्याने कित्येक वर्षं केली होती. त्या आवृत्तीत ती पहिल्यांदा पुरी झाली होती. "माझ्यासाठी केलेनी गो," असं तो मला दोनदा म्हणाला होता. खूश होता. त्या खुशीत त्याने तात्यांचा आवाज त्या आवृत्तीच्या हवाली केला.

तिसऱ्या दिवशी काम संपवून त्याने प्रोग्राम बंद केला. चौकट आली. कानात "बटण" ऐकू आलं. त्याने सवयीने पहिलं बटण दाबलं. त्या आवृत्तीत कुणीतरी, कदाचित चौकट अधिक सुबक दिसावी म्हणून, दोन्ही बटणांची अदलाबदल केली होती. पहिलं बटण आता पुसण्याचं होतं. तात्यांचं गाऱ्हाणं अजून कुठल्या गाण्यात बसवलेलं नव्हतं, त्यामुळे ते सगळं नको असलेल्या तुकड्यांत धरलं गेलं आणि पुसलं गेलं. पहिल्या दोन दिवशी त्याने तात्यांची पदं लगेच गाण्यात बसवून जतन केली होती, म्हणून ही चौकट आलीच नव्हती. तिसरा दिवस तेवढा गेला. प्रोग्राम बंद केल्यावर दुसऱ्या डिस्कवर नक्कल करायची त्याची पद्धत होती. तो नक्कल करायला गेला तेव्हा तिथे काहीच नव्हतं. कुडाळच्या एका जाणकाराकडे डिस्क नेली. त्याने चार दिवस खटपट करून काही सेकंदांचे तुटके आवाज काढून दिले. त्यात तात्यांचा एक खोकला होता आणि दिगूचं "हां, चालूंदेत" होतं. गाणं नव्हतं. आणि तोवर तात्यांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं.

महिन्याभराने तात्या आले. गळ्याला पट्टी, हातात शाळेतली पाटी. आवाज नव्हताच. मी दारात त्यांना पाहिलं आणि पुढे काय होणार ते कळून मला पळून जावंसं वाटलं. तात्या बोलू शकत नव्हते, आणि ते जे लिहिणार ते दिगू वाचू शकत नव्हता. दोघांच्या मध्ये मी एकटीच होते. तात्यांनी पाटीवर लिहिलं आणि पाटी माझ्याकडे वळवली. मी वाचलं, "तिसरो दिवस आयकव." दिगूने काही लपवलं नाही. आधी काय केलं, मग काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, सगळं सरळ सांगितलं, जसं तो कंपनीला सांगायचा. फक्त या वेळी त्याचा आवाज फुटत होता. तात्या ऐकत राहिले. मग त्यांनी पाटी पुसली आणि इतक्या जोराने लिहिलं की पेन्सिल मोडली. मी वाचलं, "तुका दिसणा नाय. तेंका पण दिसणा नाय?"

संजूने आणलेला चहा तिथेच निवला.

दिगूने त्यानंतरही काम सोडलं नाही. मी त्याला म्हटलं, सोड हे, तुझं ऐकत नाहीत ते. तो म्हणाला, "माझ्यासारखो दुसरो कोणतरी खंयतरी बसललो आसात. तेचाय असाच जातला." म्हणून तो प्रत्येक नवीन कच्च्या आवृत्तीत नावं नसलेली बटणं शोधत राहिला आणि त्यांची यादी करून कळवत राहिला. शेवटची आवृत्ती बाजारात जायला थोडेच दिवस उरले होते तेव्हा त्याला ताप आला. संजू म्हणाली डॉक्टरकडे चला, तो म्हणाला, "यादी पुरी होवंदे." तिसऱ्या दिवशी ती परत म्हणाली. चौथ्या दिवशी मी जाऊन भांडले. "एक दिवस गो, एकच," असं म्हणत त्याने गोळी घेतली आणि हेडफोन चढवले. पाचव्या दिवशी तो खुर्चीतून उठू शकला नाही. दवाखान्यात नेलं तोवर ताप अंगात पार भिनला होता. मला मालवणच्या त्या वर्गात फोन आला तो त्यानंतर दोन दिवसांनी. कुणाच्या यादीसाठी, दिगू? ज्यांनी तुझी एक ओळ वाचली नाही त्यांच्यासाठी? हे मी त्याला त्याच्या तोंडावर विचारू शकले नाही. आता विचारते आहे आणि तो उत्तर देत नाही, याचा मला किती संताप येतो!

तो गेल्यानंतर पंधरा दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. आपण कळवलेल्या अडचणीबाबत आपल्याकडून अलीकडे काही ऐकलेलं नाही, आठ दिवसांत उत्तर न आल्यास ही तक्रार बंद करण्यात येईल. मी ते संजूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिव तेंका. सगळा लिव. काय्येक ठेव नको." मी लिहिलं. एकही 'प्लीज' घातलं नाही. तात्या कोण, त्यांनी काय गायलं, तुमच्या कुठल्या दोन बटणांनी ते पुसलं, हे तुम्हाला कितीदा कळवलं होतं आणि दर वेळी तुम्ही काय उत्तर दिलंत, ते ओळीने लिहिलं. आणि ज्याच्याकडून तुम्हाला अलीकडे काही ऐकू आलेलं नाही तो माणूस मेला आहे, असंही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तिथल्या एका मुलीचं उत्तर आलं. तिने लिहिलं होतं की तिने स्वतः पडदा बंद करून, वाचणारा प्रोग्राम लावून कंपनीचा प्रोग्राम वापरून पाहिला, आणि तिला रेकॉर्डिंग सुरूसुद्धा करता आलं नाही. तिने माफी मागितली होती. मग एका वाक्यात लिहिलं होतं की दोन्ही बटणांना नावं दिली आहेत, आज दुपारीच काम झालं.

एका दुपारचं काम. मी ते वाक्य परत परत वाचलं. त्या मुलीवर मला राग धरता येत नाही. तिने तेवढं तरी केलं. पण माझ्या मित्राने आवृत्तीमागून आवृत्तीत जे मागितलं, ज्याच्यापायी एका कलावंताचं आयुष्यभराचं गाणं गेलं, ते एका दुपारचं काम होतं! पत्राच्या शेवटी विचारलं होतं, आभाराच्या पानावर लावायला दिगंबर यांचा एक फोटो मिळेल का. मी उलट विचारलं, त्या फोटोत काय आहे ते ज्यांना दिसत नाही त्यांना कानांनी कळेल अशी सोय त्या पानावर केली आहे का? याचं उत्तर अजून आलेलं नाही.

गेल्या रविवारी सकाळी मी त्याच्या खोलीत बसले होते. तात्यांच्या पहिल्या दोन दिवसांची नक्कल त्यांच्या मुलीला पाठवायची होती. टेबलावर त्याचे हेडफोन, गाद्यांचा तो कोंदट वास... स्वयंपाकघरातून संजूची हाक आली, "मिक्सर लावू काय गो?" या घरात लग्न होऊन आल्यापासून ती असं विचारत आली आहे. न जाणो रेकॉर्डिंग चालू असेल. मी सहज म्हटलं, "लाव." मिक्सर लागला नाही. थोड्या वेळाने ती ओल्या खोबऱ्याचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तो कधी पयल्यांदा 'लाव' म्हणायचो नाय. 'वायच थांब' म्हणायचो." तिने खोलीभर नजर फिरवली आणि आत गेली.

थोड्या वेळाने आवाज सुरू झाला. मिक्सरचा नव्हे, पाट्यावरवंट्याचा. ती पाट्यावर वाटप वाटत होती, सगळा जोर लावून, दगडावर दगड घासत. मी खोलीचं दार लावून घेतलं, तरी तो गाद्यांमधून आत येत होता. त्या घरात इतक्या वर्षांत न विचारता एवढा मोठा आवाज कुणी केला नव्हता.